लाईन तुटलेली असताना झालेली मीटिंग

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. चूक सापडली की तिचं कारणही सापडतंच, यावर गेली अकरा वर्षं माझं पोट चालतं. त्यामुळे या ग्रुपवरचे असले अनुभव मी आजवर वाचले ते जेवताना, गंमत म्हणून... आणि खरं सांगायचं तर थोडं हसण्यासाठीच. आज स्वतः लिहायला बसलेय तर पहिलं वाक्य तीनदा खोडून झालं. असो.

मी आणि माझा नवरा महेश सहा वर्षं आयर्लंडमध्ये राहतो. वडील, म्हणजे आमचे अण्णा, सोलापूर जिल्ह्यात उजनीच्या बॅकवॉटरकाठच्या एका गावात एकटेच राहायचे. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही.) पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यावर त्यांनी गावाबाहेर, पाण्याच्या बाजूला, दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. दसऱ्यानंतर अण्णा मोरीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे पायावर भार द्यायचा नाही. धाकटा भाऊ सोलापुरात असतो, पण अण्णा त्याच्याकडे जायला तयार नव्हते. "मला माज्या घरी न्या," एवढंच म्हणायचे.

म्हणून मी आले.

कंपनीनं दहा आठवडे गावातून काम करायची परवानगी दिली, पण एका अटीवर — इंटरनेट भरवशाचं पाहिजे. मीटिंगमधून वारंवार गायब झाले तर परवानगी रद्द आणि पहिल्या विमानानं परत. आमचं आयर्लंडमधलं राहणं माझ्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून आहे, त्यामुळे ही अट माझ्यासाठी काही साधी नव्हती.

घरात मोबाईलला जेमतेम एक काडी रेंज. मग तालुक्याला केबलचा धंदा करणाऱ्या सिद्रामला गाठलं. त्यानं फाट्यापासून घरापर्यंत, जवळपास तीन किलोमीटर, खांबाखांबावरून फायबर ओढून आणली. आमचं घर म्हणजे त्या लाईनचं शेवटचं टोक, पुढं फक्त पाणी. राउटर लावताना त्यानं मला दाखवून ठेवलं, "ताई, हितला दिवा हिरवा हाय तवर काळजी करू नगा. लाल झाला म्हंजी वायर तुटली. मधलं काय नसतंय."

दोन आठवडे छान गेले. आयर्लंडचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले दुपारचे तीन. रोज तीन वाजता टीमची मीटिंग. टेबल भिंतीला लावलेलं, माझ्या पाठीमागे अण्णांची कॉट, तिच्यावर खिडकी. मी बोलत असताना अण्णा माझ्याकडे बघत पडून राहायचे. एकदा म्हणाले, "हितं बसून तितल्या लोकांशी बोलतीस. मग तितं जायाचं कशाला गं?" मी हसून विषय बदलला. खोटं कशाला सांगू, तो प्रश्न मला रोज टोचत होता.

त्या मंगळवारी दुपारी दीडला दिवा लाल झाला.

सिद्राम दोनला मोटरसायकलवर आला. राउटर बघितला, म्हणाला, "उसाची ट्रॉली असणार. वर नुसत्या मोळ्याच मोळ्या, वायर आडकती आन् तुटती." तीनची मीटिंग महत्त्वाची होती. माझी मॅनेजर नोरा त्या दिवशी पुढच्या कामाचं वाटप करणार होती. मी ठरवलं, त्याच्याबरोबर फाट्याकडे जायचं आणि तिथं रेंज मिळाली तर मोबाईलवरूनच मीटिंग करायची. शेजारच्या मळ्यातल्या शालनकाकूंना फोन केला, "काकू, तासभर अण्णांजवळ बसता का?" त्या "हातातलं आवरून आलेच की" म्हणाल्या. अण्णांचा डोळा लागला होता. लॅपटॉप आणि हेडफोन सॅकमध्ये टाकले, सॅक पाठीवर घेतली आणि निघाले. हे मी इतकं बारीक का सांगतेय ते पुढे कळेल.

कॅनॉलच्या पुलाजवळ वायर तुटलेली सापडली. एक टोक खांबाला लोंबत होतं, दुसरं वीस-पंचवीस फूट फरफटत जाऊन बाभळीत अडकलेलं. सिद्राम जोडणीचं मशीन मांडून बसला. मी मोबाईल उंच धरून इकडून तिकडं फिरत होते. लॅपटॉप काही केल्या जोडला जाईना. तीनला दहा कमी असताना कसाबसा एक मेसेज गेला — "नोरा, इंटरनेट गेलंय, मीटिंगला येऊ शकत नाही, सॉरी." मग मी पुलाच्या कठड्यावर बसले. तीन वाजता तुटलेल्या वायरची दोन्ही टोकं सिद्रामच्या दोन हातांत होती आणि मी ती बघत होते.

चारला जोड झाला. आम्ही परत आलो. अण्णा कॉटवरच होते, जागे. काकू कुठं दिसल्या नाहीत. आणि अण्णांचा वॉकर — जो सकाळी येणाऱ्या नर्सशिवाय कुणी हलवत नाही, म्हणून दाराजवळच्या कोपऱ्यात ठेवलेला असतो — माझ्या खुर्चीच्या मागे उभा होता.

"अण्णा, काकू आल्या नव्हत्या?"

"आली की. खिडकीतनं बघून गेली."

"मग तुम्ही एकटेच होता?"

अण्णांनी माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. "एकटा कुटं? तू हुतीस की हितं."

मला वाटलं, गुंगीच्या गोळ्या. पण काकूंवर राग आला होता, म्हणून लगेच फोन लावला. त्या माझ्यावरच उलटल्या. "आगं, मी आले तर तू कानाला ते लावून इंग्रजीत बोलत बसलीवतीस. म्हणलं जायाचं रद्द झालं असंल, म्हणून माघारी गेले."

"माझं तोंड बघितलंत का तुम्ही?"

"पाठ हुती की खिडकीकडं. पण तुजा हिरवा ड्रेस मला कळत न्हाय व्हय?"

मी हिरव्या ड्रेसमध्येच होते. फोन ठेवला. त्या संध्याकाळी मी स्वतःला बरंच काही समजावलं. काकूंनी दुसऱ्या कुठल्या दिवसाचं सांगितलं असेल... म्हातारी माणसं, चालायचंच.

दुसऱ्या दिवशी नोराचा मेल आला. त्याचा मतलब असा — काल तू मोकळेपणानं बोललीस, बरं वाटलं. वडिलांजवळच कायमचं राहायचा तुझा निर्णय मी समजू शकते. एचआरला कळवायच्या आधी एकदा विचारते, नक्की ना?

मी तिला लिहिलं की मी मीटिंगला नव्हतेच, तसा मेसेजही केला होता. तिनं उत्तर पाठवलं, "मेसेज मिळाला, पण तोवर तू जॉइन झाली होतीस. मला वाटलं, लाईन परत आली." आणि खाली रेकॉर्डिंगची लिंक.

मी ती दुपारी बघितली. बाहेर लख्ख ऊन होतं, अण्णा झोपले होते, काकू अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या.

रेकॉर्डिंगमध्ये मी होते.

तेच टेबल, तोच कोन, मागे कॉट आणि खिडकी. हिरवा ड्रेस. मी माझं काम व्यवस्थित सांगत होते. मला इंग्रजी बोलताना दर वाक्यात अडखळायची सवय आहे, पडद्यावरची ती एकदाही अडखळली नाही. विसाव्या मिनिटाला खिडकीत काकूंचं डोकं आलं आणि गेलं. थोड्या वेळानं नोरानं विचारलं, परत कधी येतेस? तर ती अगदी शांतपणे म्हणाली, मी इथेच राहणार आहे, माझी गरज इथं आहे.

आणि मागे अण्णा उठून बसले. सहा आठवड्यांतला जेमतेम चौथा आठवडा चालू होता. त्यांना कुशीवर वळायलाही दोन माणसं लागायची. ते उठले, कोपऱ्यातला वॉकर घेतला आणि हळूहळू चालत तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती वळली नाही, नुसती बोलत राहिली... अण्णा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

मीटिंग संपली. एकेक जण बाहेर पडला. ती मात्र बाहेर पडली नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग चालूच राहिलं. पाच-सहा मिनिटं चौकटीत फक्त ती, आणि तिच्यामागे अण्णा. मग लांबून मोटरसायकलचा आवाज आला. तिनं मान वळवली आणि मराठीत म्हणाली,

"अण्णा, ती येतीये. झोपा आता."

अण्णा वॉकर तिथंच सोडून भिंतीला धरत कॉटवर गेले. मोटरसायकल अगदी दाराशी आली आणि रेकॉर्डिंग संपलं.

मग लिंक महेशला पाठवली. त्यानं पूर्ण बघितलं आणि फोन केला. म्हणाला, "तू मला खरं सांग. हे राहायचं-बिहायचं... तूच बोललीस ना?" त्याला पटवताना मी रडले. कंपनीच्या आयटीवाल्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं लॉगिन रोजच्याच ठिकाणाहून झालंय, घरच्याच कनेक्शनवरून. सिद्रामला विचारलं, तर त्यानं ऑफिसातल्या मशीनवर बघून सांगितलं, "दीड ते चार तुमची लाईन मेलेली हुती ताई. दोन्ही टोकं तर तुमीच बघितली की." मी त्याला रेकॉर्डिंगबद्दल सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. त्यानंतर वायरचं काहीही काम निघालं की तो खांबावरनंच करून जायचा, घरात त्यानं पाऊल टाकलं नाही.

नोराला मी कळवलं की तो निर्णय रद्द समज. ती चांगली बाई आहे, जास्त विचारलं नाही. रेकॉर्डिंग काही आठवड्यांनी कंपनीकडून आपोआप पुसलं गेलं. मी ते डाउनलोड करून का ठेवलं नाही, असं बरेच जण विचारतील. बोट दोनदा त्या बटणावर गेलं होतं. नाही दाबवलं.

उरलेले दिवस मी त्या टेबलावर पुन्हा बसले नाही. अण्णांच्या कॉटकडे तोंड करून, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम केलं. एक दिवस धीर करून त्यांना विचारलं, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही चाललात?"

"तूच म्हणलीस की, उठा, काय हुत न्हाय."

"मी नव्हते हो अण्णा."

त्यांनी छताकडे बघितलं. मग म्हणाले, "आसंल. पर ती जायाचं नाव काढत न्हाय."

त्यानंतर मी त्यांना तिथं ठेवायला तयारच नव्हते. भावाला बोलावून घेतलं. अण्णांनी या वेळी हट्ट केला नाही, सोलापूरला यायला कबूल झाले. सामान गाडीत भरलं, अण्णांना मागच्या सीटवर आडवं केलं, मी दाराला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली आणि पुढं बसले. भावानं गाडी सुरू केली. तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला. रागानं नाही, काळजीनं विचारल्यासारखा —

"तिला आत ठिवून कुलूप लावलंस व्हय?"

भावानं माझ्याकडे बघितलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी त्याला थांब म्हटलं, उतरले, दारापाशी गेले. आतून काहीही आवाज नव्हता. भर दुपार, पाण्यावरून येणारा वारा, लांब कुठंतरी ट्रॅक्टर. मी कुलूप काढलं, दार न उघडता नुसतं ओढून घेतलं आणि न बघता गाडीत येऊन बसले.

मी आता आयर्लंडमध्ये आहे. अण्णा भावाकडे आहेत, काठी घेऊन चालतात. त्या तासाभराचं कसलंही कारण मला सापडलेलं नाही, आणि मी शोधायचं सोडून दिलंय. शालनकाकू म्हणतात, दार अजून तसंच ओढलेलं आहे. भाऊ दर फोनला विचारतो, ताई, कुलूप लावून येऊ का?

मी दर वेळी नको म्हणते.