मिलिमीटर मिस्तरींचा वरचा मजला

लाकडाच्या वखारीत त्यांना सगळे ‘मिलिमीटर’ म्हणायचे. फळी केसभर कमी भरली तरी ती बाजूला काढायची, हा त्यांचा खाक्या. चाळीस वर्षं करवतीच्या यंत्रापाशी उभं राहून त्यांनी लोकांची दारं-खिडक्या केली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घराचा वरचा मजला. त्यातला एक खिळासुद्धा दुसऱ्या कुणी ठोकलेला नव्हता. आलेल्या पाहुण्याला ही गोष्ट चहा पुढे येण्याआधी कळायची.

काम सुटल्यावर मिस्तरी आणि त्यांची बायको त्या मजल्यावर राहत होते. पुढे खिडकीपाशी मिस्तरींची खुर्ची, मागे स्वयंपाकघर, आणि मधे वीस फूट लाकडी जमीन. खाली मुलगा आणि सून. मुलगा दिवसभर कारखान्यात असायचा. सून इस्पितळात नर्स, तिला कायमची रात्रपाळी. सकाळी नऊला घरी यायचं, दोन घास खायचे आणि चारपर्यंत झोपायचं, असा तिचा बेत असे. तो वर्षभरात कधी साधला नाही.

तिने तोंडातून ब्र काढला नाही. पण एकदा झोपेच्या गुंगीत तिच्या हातून एका रोग्याचं औषध दुसऱ्याच्या कागदावर लिहिलं गेलं. मोठ्या नर्सबाईंच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी मुलगा वर आला.

“बाबा, तिची झोप होत नाही. वरून सारखा आवाज येतो. आम्ही दुसरीकडे खोली बघितलीय. एक तारखेला जातो.”

हे त्याला तीनदा सांगावं लागलं, दर वेळी आवाज चढवून. मिस्तरींचे कान करवतीने कधीच खाल्ले होते, आणि हे त्यांच्याखेरीज गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी मुलाने आणलेलं कानाचं यंत्र खिळ्यांच्या खणात पडून होतं. “कान पेन्सिल ठेवायला असतो,” असं म्हणून मिस्तरींनी विषय संपवला होता.

घर मोडणार याचं त्यांना वाईट वाटलं. पण त्याच्याही आधी त्यांना राग आला.

“आवाज? माझी जमीन करकरते? कोण म्हणतं?”

कुणी करकरते असं म्हटलंच नव्हतं. पण सुताराला लाकडाखेरीज दुसरं काही सुचत नाही.

एक तारखेला वीस दिवस होते. मिस्तरींनी पेन्सिल कानावर खोचली आणि कामाला लागले. फळ्या उचकटल्या, तुळयांवर जाड लोकरी पट्ट्या अंथरल्या, जुने खिळे उपटून स्क्रू पिळले. फळी बसेना तिथे ठोकून बसवली. हे सगळं सकाळी दहा ते दुपारी तीन. सुनेची झोप वाचवायला ते चार दिवस तिच्याच डोक्यावर हातोडा चालवत होते. रोगापेक्षा इलाज भयंकर, तो हाच.

मग खुर्चीच्या पायांना रबर लावलं. पलंग भिंतीपासून चार बोटं सरकवला. मधल्या वाटेवर सतरंजी आली, सतरंजीखाली दुसरी सतरंजी आली. बायकोला कापडी तळव्याच्या सपाता आणून दिल्या. ती त्या घालून निमूट हिंडू लागली.

“आता?” मिस्तरींनी सुनेला विचारलं.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलावं असं तिला क्षणभर वाटलं असावं.

“कमी झालाय बाबा. पण येतो.”

मिस्तरींचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी आली तेव्हा ते तिच्या खोलीत स्टुलावर उभे होते. हातात हातभर लांबीची कोरडी काठी. वखारीत यंत्राचा कुठला भाग खराब झालाय हे ते असंच शोधायचे: काठीचं एक टोक यंत्राला लावायचं आणि दुसरं दातात धरायचं. आवाज हाडांतून आत येतो, त्याला कान लागत नाहीत. त्यांनी काठी वरच्या तुळईला टेकवली, दात आवळले आणि डोळे मिटले.

काहीच नाही. बायको वर होती, पण लाकडात हूं की चूं नव्हतं.

“बघ!” काठी काढून ते म्हणाले. “कुठाय आवाज?”

“आत्ता तुम्ही खाली आहात ना,” सून म्हणाली.

मिस्तरींना ते ऐकू आलं नाही. त्यांना तुळईवर खूण करायची होती, म्हणून ते सवयीने वर तोंड करून ओरडले, “अगं, माझी पेन्सिल कुठाय?” आणि काठी पुन्हा दातात धरली.

आधी थोडा वेळ शांतता. मग आवाज आला. स्वयंपाकघरातून निघाला, सतरंजीवरून खुर्चीपर्यंत गेला, तिथे थांबला, वळला, जिन्याकडे आला. मिस्तरींनी चाळीस वर्षांत हजार यंत्रं ऐकली होती. यात एक पाऊल टेकत होतं आणि दुसरं फरपटत होतं. जिन्यावर तर प्रत्येक पायरीला दोनदा थांबत होतं.

बायको दारात आली, चौकट धरून मोठ्याने म्हणाली,

“तुमच्याच कानावर आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.”

“मग त्यासाठी खाली कशाला आलीस? वरूनच सांगायचं.”

“वरूनच सांगितलं,” ती म्हणाली. “दोनदा.”

मिस्तरी स्टुलावरून उतरले. काठी त्यांच्या हातात तशीच होती. सून चादर झटकत होती, ती थांबली.

“दिवसातून किती वेळा होतं असं?” त्यांनी विचारलं.

“मी मोजायचं सोडलं बाबा,” सून म्हणाली. हे मात्र ती मोठ्याने म्हणाली. “तुम्ही हाक मारता. आई जागेवरून उत्तर देतात. ते पोचत नाही, मग आई उठून येतात.”

“आणि हा पाय?”

“झालं वर्ष,” बायको म्हणाली. “तुम्हाला सांगितलं होतं.”

मिस्तरींना लाज वाटली. जमिनीपायी त्यांनी सगळ्या घरावर दात धरला होता, आणि जमीन बिचारी निर्दोष होती. ते बायकोचा हात धरून जिना चढले. इतकी वर्षं झाली, हात धरून कधी चढले नव्हते.

खणातून त्यांनी यंत्र काढलं. पेन्सिल खिशात गेली. यंत्र कानामागे जुळेना, मग बायकोने बसवून दिलं. खुर्चीकडे जाताना खिडकीजवळची तिसरी फळी पायाखाली करकरली. मिस्तरी थबकले, एक पाय मागे घेऊन पुन्हा टाकला. पुन्हा करकर. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

तासाभराने त्यांनी खुर्चीतून विचारलं, “अगं, किती वाजले?”

“अकरा.” स्वयंपाकघरातून उत्तर आलं. पाठोपाठ ती ओट्याला हात टेकून उठू लागली.

“बस, बस. ऐकू आलं.”

ती अर्धवट उठलेली तशीच थांबली. मग हळूच परत बसली.

सून त्या दिवशी साडेपाचला उठली. केस विस्कटलेले, धडपडत वर आली आणि जिन्याच्या तोंडाशीच वर्षभराच्या सवयीने ओरडली, “बाबा! आम्ही कुठे जात नाही!”

“मग ओरडतेस कशाला?” मिस्तरी म्हणाले. “ऐकू येतंय मला.”