माझं न आलेलं दूध

माझ्या पोराला माझ्या मोठ्या जाऊबाईंनी अंगावर पाजलं. भावकीत ही गोष्ट ठाऊक नाही असं माणूस सापडायचं नाही, कारण जाऊबाई ती सांगायला कधी कंटाळल्या नाहीत.

बाळंतपण देवगाव रंगारीला झालं. त्या साली विहिरींनी तळ गाठला होता. माझं रक्त इतकं गेलं की जगते का मरते अशी गत. जगले, पण दूध आलं नाही. अळीव झाले, शतावरी झाली, खारीक-खोबरं झालं, थेंब नाही. जाऊबाईंची धाकटी तेव्हा अंगावर पीत होती. त्यांनी माझं पोरही पदराखाली घेतलं. मी भिंतीकडं तोंड करून पडलेली, आणि त्याचे घोट मला ऐकू येत होते. माझा जळफळाट तिथं सुरू झाला.

पुढं माझे मालक आणि दीर चितेगावला कंपनीत लागले. आम्ही सगळे औरंगाबाद शहराच्या कडेला, सातारा परिसर म्हणतात त्या भागात राहायला आलो. टँकर आला की जाऊबाई डोक्यावर हंडा आणि कडेवर कळशी घेऊन चालायच्या. मी नुसती बादली उचलली तरी डोळ्यांपुढं अंधारी. भर उन्हाळ्यात थंडी वाजायची. पाळी तर बाळंतपणानंतर परत आलीच नाही. डॉक्टर अशक्तपणा म्हणायचे आणि सलाईन लावायचे. जाऊबाई म्हणायच्या, हिच्या मनातच पोर नव्हतं, मग दूध कुठून येणार? त्यांच्या लेकरांचं ऐकून पोरगा त्यांना आई म्हणायचा आणि मला काकू. लई शिकवलं, लाडानं, चापट मारून. जीभ वळली नाही त्याची.

तो कॉलेजात गेला त्या साली मी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले. तोवर आमच्या भोवतीचं माळरान बिल्डिंगांनी भरलं होतं, नवे दवाखाने उघडले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी हेच विचारलं, की बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का, दूध आलं होतं का. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. रक्त तपासलं, मग मेंदूचा एमआरआय. त्या बोगद्यात कानाशी ठकठक चाललेली, आणि मी मनात देवाला म्हणत होते, काहीतरी निघू दे. जाऊबाईंचं तोंड बंद करायला मला आजार पाहिजे होता.

निघाला. डॉक्टरीणबाईंनी फोटोवर बोट ठेवलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्या हुकमानं दूध येतं, पाळी येते, अंगात ताकद राहते. माझ्या त्या जागी नुसतं पाणी दिसत होतं. रक्त गेलं तेव्हाच ती सुकली.

"दूध येणारच नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातात काही नव्हतं."

जन्मभराच्या गोळ्या लिहून दिल्या. मला गोळ्यांचं काही नव्हतं, ते वाक्य घरी कधी नेते असं झालं होतं.

घरी सगळ्यांना बसवलं. पोरगा माझ्यासोबत होता, त्यानंच सगळं समजावून सांगितलं. जाऊबाई पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. काय गार वाटलं म्हणून सांगू!

पोरगा उठून त्यांच्याजवळ गेला.

"आई, म्हणजे तू नसतीस तर मी वाचलोच नसतो," म्हणाला, आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

सासूबाईंचे डोळे भरले, दिरांचे भरले, माझ्या मालकांचेसुद्धा. फोटो माझ्या हातात तसाच राहिला. जाऊबाईंचा मोठेपणा आजवर नुसता त्यांच्या तोंडी होता. आता त्याला पुरावा मिळाला, आणि तो मीच आणून दिला होता.