आईने निवडलेलं लुगडं

चौतिसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि आळीतल्या बायकांना बोलायला विषय मिळाला. नवरा पूर्णगडचा बिजवर, दोन मुलांचा बाप. मी रत्नागिरीत मुलींच्या शाळेवर शिकवत होते, जीभ तिखट म्हणून माझी ख्याती होती. शेजारच्या काकू आपला शालू द्यायला निघाल्या. वैशाखात, होमाच्या धगीत, माझ्या या देहाला शालू! "तो सुनेला ठेवा," मी म्हटलं. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत.

मला सुती हवं होतं. आमच्यात मामाकडची अष्टपुत्री, म्हणजे वधूने विधीला नेसायचं हळदीचं पिवळं लुगडं, सुतीच असते. मामा थकलेला. त्याने होते तेवढे पैसे पाठवले न् लिहिलं, कापड तूच घे. "आठ पुत्र राहू देत गो, एक झाला तरी पुष्कळ," असं म्हणत काकूंनी अबोला सोडला. मी हसले, पण ते बोलणं मला लागलं.

कापड पारखण्यात आईचा हात धरणारं कुणी नव्हतं. चिमटीत धरून चुरलं की किती धुणी टिकेल ते सांगायची. पण आई विधवा. नवरीच्या वस्त्राला आपला हात लागायचा नाही, हे ती काकूंपेक्षा जास्त मानायची. दुकानाच्या पायरीवर पाठ फिरवून बसली.

"नुसतं चिमटीत धर," मी म्हटलं.

"मला पाप लावू नकोस."

मला असा संताप आला की समोरचं पहिलंच कोरं, कडक कापड मी उचललं. मग ती आत आली आणि स्वतःसाठी एक पांढरं लुगडं घेतलं. एकदाच चुरून बघितलं. मांडवात ती येणार नव्हतीच. पण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला माळ घालताना बघेल, एवढं मी महिनाभर भांडून तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. जुनी दोन्ही लुगडी ठिगळांची. हे नवं त्या दारासाठी होतं.

लग्नाला दोन दिवस उरले तेव्हा हळदीत बुडवण्याआधी माझं कापड परसात भिजत टाकलं. पाणी पेजेसारखं झालं. सगळी खळ सुटली आणि हातात उरली ती निव्वळ जाळी. आतला हात दिसत होता. दुसरं घ्यायला पैसे नव्हते.

आई देवळात गेली होती. मी तिची पेटी उघडली. तिचं लुगडं काढलं, माझी जाळी वाळवून, घडी घालून तिथे ठेवली. मनाला समजावलं, जुनं नेसेल, तिच्याकडे कोण बघतंय? आणि खरं सांगू, मला तिच्या हातचं हवंच होतं. तिचं लुगडं हळदीत बुडवलं तेव्हा मी रडत होते. आईला वाटलं, वाळत घातलंय ते मी उचललेलंच कापड.

विधीला बसले तेव्हा ते अंगाला इतकं मऊ लागलं की धग जाणवली नाही. अंतरपाट दूर झाला, मी माळ घातली आणि दाराकडे बघितलं. दार रिकामं होतं. पुन्हा बघितलं. सप्तपदी झाली तरी रिकामंच.

नमस्काराला आत गेले. आई चुलीपाशी अंधारात बसली होती, ठिगळाच्या लुगड्यात. मी वाकले. तिने सवयीने माझा पदर चिमटीत घेतला, चुरला आणि थांबली.

"हे माझं," ती म्हणाली.

"दारात का नाही आलीस?"

"काय नेसून येऊ गो?" ती रागावली नव्हती, हे सगळ्यात वाईट. "ती जाळी नेसून बघितली सकाळी. हे ठिगळाचं नेसून आले असते, तर व्याही म्हणाले असते, पोरीने आईला एक लुगडं घेतलं नाही."

बाहेरून काकूंनी हाक मारली, गाडी उभी आहे.

"कुणाला सांगू नकोस हो," आई म्हणाली. पदर तिने अजून सोडला नव्हता. "धग लागली का?"

"नाही," मी म्हटलं.