तीनशे पंधराची रायफल

सेनगावला आमच्या बँकेच्या दारात एक निवृत्त पोलीस पहारा देतो. त्याच्या खांद्यावरची रायफल पाहून मी पहिल्याच दिवशी विचारलं, “थ्री नॉट थ्री का?”

“दिसायला तीच. नोकरीत उमरभर तीच वागवली. पण त्या सरकारी गोळीचं लायसन आपल्याला भेटत न्हाई. म्हून हिंडून हिंडून ही तीनशे पंधराच्या गोळीची हुडकली.” बोलताना तो जुन्या धोतराच्या फडक्यानं बोल्ट पुसत होता.

नव्या साहेबांनी त्याच्यासाठी स्टूल आणवलं. “काका, बसत जा. तुम्ही असे उभे राहिलात की लोक बिचकतात.”

त्यानं स्टुलावर जेवणाचा डबा ठेवला. “कायद्यापायी गोळी बदलली, साहेब. उभं ऱ्हायाचं काहून बदलू?”

आत साहेबांची बेल वाजली की मी ताडकन उभा राहतो. दारात तोही उभाच असतो. पण त्याला कुणी उठवलेलं नसतं.