फायरवॉलचं गंध

हा किस्सा मी आपणहून सहसा सांगत नाही. पण कॉफी समोर आली आहे, तुम्हीही निवांत दिसताय, आणि दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा माझी फजिती मीच सांगितलेली बरी. तशी ती निम्म्या कुंभकोणमला ठाऊक आहेच.

मी नेटवर्कची कामं करतो. काही वर्षं पुण्यात नोकरी केली, अप्पा गेले तेव्हा आईसाठी गावी परतलो. आमचं घर तंजावर मराठी. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, आणि तीही अशी की आईचा फोन ऐकून पुण्यातले मित्र विचारायचे, "अरे रघू, तुमच्याकडे अजून पेशवे आहेत का?" मी हसायचो. आतून जरा लागायचंही.

परत आल्यावर पहिलं मोठं काम मिळालं ते माझ्याच शाळेचं. मुख्याध्यापिका कोमलवल्ली टीचर. त्यांनीच मला लहानपणी अक्षरं शिकवली होती. त्यांना शाळेत फायरवॉल हवी होती. फायरवॉल म्हणजे नेटवर्कचा दारवान, कुणाला आत-बाहेर सोडायचं ते ठरवणारा. साधा दारवान पत्ते पाठ करतो. पण शाळेतल्या कॉम्प्युटरांचे पत्ते सारखे बदलतात. म्हणून मी त्यात एक डायनॅमिक ग्रुप बनवला.

आता घाबरू नका, सोपं आहे. लग्नात दारवानाला सांगतात ना, ज्याच्या कपाळाला गंध दिसेल त्याला पंगतीत सोड, नाव-गाव विचारू नकोस? तसंच. कॉम्प्युटरला एक टॅग लावायचा. टॅग असेल तो ग्रुपमध्ये, ग्रुपमधला तो बाहेर जाऊ शकतो. टॅगची मुदत एक दिवस, आणि तो रोज नव्याने लावायला मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. टीचरांना हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वा. म्हणजे रोज आंघोळ करून रोज गंध." मला माझाच अभिमान वाटला. तो वाटला की समजावं, पुढे खड्डा आहे.

मग आली सरस्वतीपूजा. त्या दिवशी आमच्याकडे पुस्तकं, हत्यारं, ज्यावर पोट चालतं ते सगळं देवीपुढे ठेवतात आणि त्याला दिवसभर हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुनःपूजा करून नैवेद्य दाखवायचा आणि मगच उचलायचं. शाळेतही ऑफिसातल्या सेल्वमने सगळे कॉम्प्युटर पुसून प्रत्येकाला चंदन आणि कुंकू लावलं होतं. सेल्वम प्रवेशाचं टेबल सांभाळतो, अबोल माणूस.

विजयादशमी हा बालवर्गाच्या प्रवेशाचा दिवस. पोराला मांडीवर घ्यायचं, तांदळाच्या ताटात त्याच्या बोटाने पहिलं अक्षर गिरवायचं आणि चांगल्या वेळेत नाव नोंदवायचं. आदल्या आठवड्यात टीचर मला म्हणाल्या होत्या, "रघू, यंदा बालवर्ग भरला नाही तर व्यवस्थापन तो बंद करणार आहे. मोठ्या शाळेच्या बसेस आता गल्लीपर्यंत येतात. त्या दिवशी तुझं यंत्र नीट चालू दे." हे त्यांनी मागितल्यासारखं सांगितलं. जिने मला अक्षर शिकवलं तिने माझ्याकडे काही मागावं, हे मला सहन होईना. मी छातीठोक सांगितलं, "टीचर, तुम्ही निश्चिंत राहा."

सकाळी फोन आला. "रघू, एक कॉम्प्युटर बंद पडलाय."

पोचेपर्यंत आणखी दोन पडले होते. म्हणजे कॉम्प्युटर चालू, पण बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे प्रवेशाची नोंद होईना. सभागृहात पालक बसलेले. कुणी आडुतुरैहून आलेलं, कुणी तिरुप्पनंदाळहून. पोरांनी तांदूळ सांडून झालेले. घड्याळात चांगली वेळ सरत चाललेली, मागे राहूकाळ उभा. एक आजोबा उघडच म्हणाले, "वेळेत होत नसेल तर आम्ही त्या दुसऱ्या शाळेत जातो." टीचर त्यांच्याकडे बघून हसल्या. ते हसू मला नीट बघवलं नाही.

मी शाळेच्या कॉम्प्युटरवरून फायरवॉलमध्ये डोकावलो. तिथून फक्त बघता येतं. बदल करायची परवानगी मी एकट्या माझ्या लॅपटॉपला ठेवली होती, सुरक्षिततेसाठी म्हणे. बघतो तर ग्रुप रिकामा होत चाललेला. ग्रुपची अट तपासली, बरोबर. नियमांचा क्रम तपासला, बरोबर. टॅगचं नाव तपासलं, बरोबर. आणि माझ्या डोळ्यांदेखत आणखी एक कॉम्प्युटर ग्रुपमधून गळला.

गंमत बघा. समोर ओळीने कॉम्प्युटर, प्रत्येकाच्या कपाळाला ठसठशीत गंध, आणि फायरवॉल म्हणतेय, यातल्या एकालाही गंध नाही.

माणूस घाबरला की त्याला कारण लागत नाही, आरोपी लागतो. मला सेल्वम दिसला.

"पुसताना वायरी काढल्या होत्यास?"

"नाही सार."

"ओल्या फडक्याने पुसलंस?"

"कोरड्याने, सार. कुंकूच काय ते लावलं."

"मग तेच गेलं असणार कुठेतरी आत. पूस ते सगळं. यंत्रांना देखभाल लागते, सेल्वम, पूजा नाही."

हे मी चारचौघांत बोललो. पालकांच्या समोर, विजयादशमीला, मोठ्या आवाजात. सेल्वमने फडकं घेतलं आणि एकेका कॉम्प्युटरचं कुंकू तो पुसू लागला, हळूहळू, जणू कुणाला लागू नये. टीचरांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत असताना अशी नजर मिळाली की मी बाकावर उभा राहायचो.

कुंकू पुसलं. काही झालं नाही. शेवटचा कॉम्प्युटरही गळला.

आता लॅपटॉपशिवाय गत्यंतर नव्हतं. मी आईला फोन लावला. हातात स्क्रू-ड्रायव्हर होता, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. हीसुद्धा चूकच.

"आई, माझा लॅपटॉप उघड. लगेच."

"कोठला?"

"माझा ग. काळा."

"तो देवीपुढें आहे. तूंच ठेविलास ना काल? मिटून, वरी फूल ठेवून, नमस्कार करून. पुनःपूजा झाली नाहीं, पायसम् अजून चुलीवरी आहे. त्यापूर्वीं कसा उघडूं रे?"

सभागृहातल्या कुणाला मराठी येत नव्हती. पण 'पायसम्', म्हणजे नैवेद्याची खीर, हे सगळ्यांना कळलं. फडक्याची घडी घालता घालता सेल्वमने माझ्याकडे पाहिलं.

"आई, इथे शाळा अडली आहे."

"अडूं दे अंमळ. तें यंत्र बापडें महिनोन्‌महिने रात्रंदिवस मिणमिणत होतें. काल पहिल्यांदा निजलें."

आणि तिथे माझ्या पायाखालची जमीन सरकली.

ती टॅग लावणारी स्क्रिप्ट कुठे चालत होती, विचारा. शाळेच्या सर्व्हरवर? नाही. दोन दिवस चाचणी म्हणून मी ती माझ्या लॅपटॉपवर चालवली होती आणि तिथेच विसरलो होतो. शाळेच्या सगळ्या कॉम्प्युटरांना रोज गंध लावणारा भटजी माझ्या घरी होता, आणि काल सकाळी मीच त्याला मिटून, फूल वाहून झोपवलं होतं. दिवस भरला, मुदत सरली, एकेकाचं गंध उतरलं. बिघाड पूजेमुळेच झाला होता. फक्त ती पूजा माझी होती.

"आई," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच लहान वाटला, "पुनःपूजा आत्ता होईल का ग?"

"पायसम् होत आलें. धीर धर. फोन ठेवूं नको."

मग ते झालं जे मी जन्मात विसरणार नाही. सगळी शाळा माझ्या आईच्या पायसमसाठी थांबली. फोनमधून पळी आपटल्याचा आवाज आला. मग आई काहीतरी पुटपुटली, आणि मग घंटा. टीचरांनी हात जोडले. त्यांचं बघून पालकांनी जोडले. दुसऱ्या शाळेत निघालेल्या आजोबांनी चपला काढल्या.

"फूल काढिलें," आईचा आवाज आला. "उघडिला."

मी स्क्रीनकडे बघत होतो. ग्रुप रिकामा. रिकामाच. मग एक ओळ उमटली. मग दुसरी. सेल्वमच्या टेबलावरचा कॉम्प्युटर जागा झाला आणि पहिल्या पोराची पावती सरसर बाहेर आली. सभागृहात टाळ्या पडल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या, हे वेगळं सांगायला नको.

मी सेल्वमजवळ गेलो, सगळ्यांसमोर म्हणालो, "चूक माझी होती. तुझ्या कुंकवाची नव्हे." त्याने मान हलवली आणि कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला. सगळे कॉम्प्युटर मी परत रंगवले. वेळेत नोंदी झाल्या, बालवर्ग वाचला.

त्या रात्री आईसोबत पायसम् खाताना मात्र मन जड झालं. डायनॅमिक ग्रुप म्हणजे अखेर काय? कुणीतरी रोज न चुकता म्हणत राहावं लागतं, हा आपला आहे. म्हणणारा थांबला की कागदोपत्री सगळं बरोबर असूनही दार बंद होतं. आमच्या घरातली मराठी एवढी शतकं याच रीतीने टिकली, आणि माझ्यापुरती ती रोज नव्याने लावणारी आता आई एकटी आहे. मी तिला म्हटलं, "आई, उद्यापासून मीही घरात तुझ्यासारखेंच बोलेन." ती म्हणाली, "आधीं तें यंत्र शाळेंत नेऊन ठेव."

नेलं. म्हणजे स्क्रिप्ट सर्व्हरवर हलवली, परवानग्या सुधारल्या, आता काही अडत नाही. पण परवा पावसात शाळेची लाइन गेली. मला कुणी कळवलंच नाही. संध्याकाळी घरी आलो तर आई फोनवर तमिळमध्ये बोलत होती, एका हातात घंटा.

"कुणाचा फोन?"

"कोमलवल्ली टीचरचा," आई म्हणाली. "नेट गेलें म्हणे. मीं विचारिलें, रघूस पाठवूं काय? त्या म्हणाल्या, नको, आधीं तुम्ही घंटा वाजवून पाहा."