संताच्या चेहऱ्याचा रंग

वैशालीचा फोन आला तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होते. "बाई, आप्पा गेले," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत रडू आवरत तिने पुढचं सांगितलं, "पेपरात द्यायची बातमी तुम्ही लिहा. काका म्हणतात, धुळ्याकडचं गाव घाला. मला कोसाड घालायचंय. तुम्हीच ठरवा." सुरतेत माणूस गेला की त्या चार ओळींत नावाच्याही आधी 'मूळ गाव' येतं. आप्पा कुठले, हे आता मी ठरवायचं होतं... आणि नेमक्या याच प्रश्नाशी त्यांनी माझ्यासमोर एकदा महिनाभर झुंज घेतली होती.

सुकलाल आप्पा सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका कापडमिलमध्ये कलर मास्टर होते. कापडाचा तुकडा हातात घेऊन त्यात पिवळा किती, लाल किती हे सांगणारा माणूस. मिसरूड फुटायच्या वयात खानदेशातून आले, सुरतेच्या कडेला, अमरोलीजवळच्या कोसाडला घर केलं आणि चाळीस वर्षं तिथून हलले नाहीत. वैशाली माझ्या मराठी शाळेत होती. पालकसभेला आले की मुलीच्या मार्कांपेक्षा त्यांचं लक्ष माझ्या साडीकडे. "बाई, हाई साडी रंग सोडी," असं त्यांनी भर सभेत सांगितलं होतं. मी आठवडाभर फणफणत होते. पहिल्याच धुण्यात साडीने रंग सोडला, तेव्हा कुठे आमची मैत्री झाली.

काही वर्षांपूर्वी हजीऱ्याच्या एका कारखान्यातले वर्गीस नावाचे केरळी गृहस्थ त्यांच्याकडे आले. त्यांच्या छोट्या प्रार्थनाघराचे रक्षक संत म्हणजे संत जॉर्ज. सणासाठी पुरुषभर उंचीचं कापड छापायचं होतं, त्यावर घोड्यावर बसलेला संत. चित्र तयार होतं, अडलं होतं ते चेहऱ्याच्या रंगावर. म्हाताऱ्या मंडळींना कॅलेंडरवरच्यासारखा गोरापान संत हवा होता, तरुणांना सावळा. दोन्ही बाजू हट्टाला पेटलेल्या. आप्पा तडक माझ्या घरी आले. "तुम्ही इतिहास शिकाडतस ना? मंग सांगा, हाऊ माणूस कोठला शे?"

मी पुस्तकं काढली. रोमन सैन्यातला शिपाई, श्रद्धा सोडायला नकार दिला म्हणून मारला गेलेला, एवढं सगळे सांगतात. पुढे गोंधळ. वडील कॅपाडोसियाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले, आणि आई पॅलेस्टाईनमधली, असं परंपरा म्हणते. मग त्याला वडिलांकडून ग्रीक म्हणायचं, की आईकडचा? जन्म नक्की कुठला, यावरही एकमत नाही. काहींना तर असा माणूस झाला का, याचीच शंका. इंग्लंडपासून इथिओपियापर्यंत सगळे त्याला आपला म्हणतात आणि जो तो आपल्यासारखा रंगवतो. मी चष्मा काढून, अगदी बाईंच्या थाटात निकाल दिला, "ठरत नाही, आप्पा. पुरावा अपुरा आहे."

"तुमना इतिहासले ठरत नही, पन माले कापड छापनं शे!" ते वैतागले. मग चहाचा कप तसाच ठेवून हळू आवाजात म्हणाले, "गावमा माले सुरतवाला म्हनतस, आठे मराठी म्हनतस. याना बी मनामायकच हाल." त्या संताचेही आपल्यासारखेच हाल, असं म्हणत होते. मी हसले. ते हसले नव्हते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

महिनाभर त्यांनी नमुने काढले. कागदात गुंडाळलेले हातभर तुकडे घेऊन यायचे आणि माझ्या दाराशी उन्हात धरून दाखवायचे. रंग दिवसाउजेडीच पाहायचा, हा त्यांचा नेम. अखेर एक गव्हाळ रंग त्यांना पटला, कापड छापून गेलं आणि सणाच्या दिवशी घोटाळा उघडा पडला. अंगणात मिरवताना चेहरा चांगला उजळ दिसत होता. आत पिवळ्या दिव्यांखाली टांगला तसा सावळा झाला. रंग फिरला होता. प्रार्थनाघराच्या दिव्यांत नमुना पाहायचं आप्पांना सुचलंच नव्हतं. इतक्या वर्षांच्या मास्टरची ही चूक! शरमेने ते नवीन कापड छापून द्यायला निघाले. वर्गीस म्हणाले, "रहने दो मास्टर, दोनों पार्टी खुश हैं." सगळे हसले, आप्पा सोडून.

हे सगळं माहीत असूनही मी बातमीत काय लिहिलं? धुळ्याकडचं गाव. त्यांचे थोरले भाऊ समोर बसून रडत होते, त्यांना नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. शिवाय 'मूळ' म्हणजे जन्माचंच गाव ना, असं मी स्वतःला समजावलं. इतिहासाच्या बाईंनी सर्वात सोपा पुरावा उचलला. खाली पूर्ण नाव छापलं, सुकलाल उखर्डू पाटील. या नावाची माणसं सुरतेत किती असतील, कोण जाणे. बेसण्याला, म्हणजे घरच्या शोकबैठकीला, जेमतेम पंधरा माणसं आली. वैशाली सतरंजीच्या रिकाम्या कडेकडे बघत म्हणाली, "चाळीस वर्षांत एवढीच माणसं जोडली का हो आप्पांनी?"

तीन आठवड्यांनी, रविवारी, मी तिच्याकडे बसले असताना वर्गीस पाच-सहा जणांना घेऊन आले. मिलमध्ये फोन केला तेव्हा त्यांना कळलं होतं. डोळे भरलेले. "पेपर में नाम पढ़ा था," ते म्हणाले, "पर गाँव कोई और लिखा था. सोचा, दूसरे कोई होंगे. हमारे मास्टर तो कोसाड के थे."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मग पाणी आणायला आत गेली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिचे वडील एकटे पडले नव्हते. मीच त्यांना त्यांच्या माणसांपासून लपवून ठेवलं होतं.

त्या चार ओळी आता परत घेता येत नाहीत. म्हणून, अमरोली, पलसाणा, हजीरा इथल्या ज्या कुणी ती बातमी वाचून 'दुसरे कुणी असतील' म्हणत पान उलटलं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कोसाडचे सुकलाल मास्टर गेले. ते तुमचेच होते.