नक्कीसाहेबांचा तक्ता

माझ्या बहिणीचा नवरा चष्मेवाला आहे आणि स्वतःला तत्त्वज्ञ समजतो. यातली पहिली गोष्ट खरी आहे. दुसरीबद्दल पुढे बोलतेच, पण आधीच सांगून टाकते, मला या माणसाचा मनापासून राग आहे आणि तो लपवायचा माझा अजिबात विचार नाही.

खाली दुकान, वर घर. दुकानात शिरलं की एका बाजूला फ्रेमांची काचेची कपाटं, समोर गल्ला आणि मागे एक अरुंद अंधारी खोली. त्या खोलीत उंच खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर, आत दिवा असलेल्या पेटीत, अक्षरांचा तक्ता. वर मोठं अक्षर, खाली उतरत उतरत बारीक. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की भाऊजी त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम ठेवणार, तिच्यात एक काच घालणार, काढणार, दुसरी घालणार आणि विचारणार, "ही बरी की आधीची?"

"आधीची."

"नक्की?"

"हो... म्हणजे... आधीचीच बरी वाटते."

"वाटते ना? मग झालं तर!"

आणि गालातल्या गालात हसत, त्या बिचाऱ्याच्या उत्तराला काडीची किंमत न देता, यंत्राने आणि स्वतःच्या आकडेमोडीने काढलेला नंबर लिहून मोकळे. नवा चष्मा घालून माणूस पायरीवर अडखळला, तर पायरीबद्दलची त्याची समजूत चुकीची. डोकं दुखतं म्हणून कोणी परत आलं, तर "डोकं दुखतंय हे तुम्हाला नक्की कसं कळलं?" एका बाईने सरळ तोंडावर सांगितलं, "तुमच्याशी बोलल्यावर कळलं." त्या बाईला मी अजून मानते. गल्लीने त्यांचं नाव नक्कीसाहेब ठेवलं आणि भाऊजींना तो स्वतःचा मान वाटतो. आता यापुढे काय बोलणार!

हे वेड लग्नानंतरचं. रद्दीवाल्याकडून त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणलं, जुन्या तत्त्वज्ञांची ओळख करून देणारं. नंतर मीही ते नेऊन वाचलं, भांडायला बरं पडतं म्हणून. तीन-चारशे वर्षांपूर्वी एका विचारवंताने ठरवलं, की आपण जे जे खरं मानतो त्या सगळ्यावर एकदा शंका घेऊन बघायची. डोळे फसवतात, कान फसवतात. स्वप्नातही आपण जागेच आहोत असं वाटतं, मग आत्ता स्वप्नात नाही कशावरून? असं करत करत तो पार तळाला गेला, आणि तिथे एकच गोष्ट हलेना: शंका घेणारा कोणीतरी आहे, एवढं नक्की. मग तिथे पाय रोवून त्याने ज्ञानाची इमारत पुन्हा रचायला घेतली, निव्वळ बुद्धीच्या जोरावर, भूमितीतल्यासारखी एकावर एक पायरी. मला तो माणूस आवडला. जिद्दीचा होता.

भाऊजींनी यातलं काय उचललं? डोळे फसवतात, एवढंच. आणि तळाचं ते वाक्य, तेही जेवताना घास थांबवून, बोट वर करून म्हणायला. "शंका घेणारा कोणीतरी आहे, एवढं नक्की." ताईने ते इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यांनी बोट वर केलं की ती भांडी आवरायला घ्यायची. त्यातून त्याच पुस्तकात पुढे त्याच विचारांचा दुसरा एकजण निघाला, जो पोटासाठी चष्म्याच्या आणि दुर्बिणीच्या काचा घासायचा. मग तर काय विचारता! सख्खा भाऊ सापडल्यासारखे "आमच्या धंद्यातला माणूस" म्हणत गल्लीभर मिरवले. मी म्हटलं, "भाऊजी, काच घासली की डोकं आपोआप घासलं जात नाही." त्यावर त्यांनी विचारलं, "नक्की?"

ताई माझ्यासारखी तोंडाळ नाही. दुकान खरं तर तिच्या जिवावर चालतं. सकाळी शटर वर करायचं, फ्रेमा पुसायच्या, तक्त्याच्या पेटीवरून ओलं फडकं एकेक ओळ करत फिरवायचं, आणि फिरवताना ती अक्षरं पुटपुटायची, दुसऱ्या कोणी गाणं गुणगुणावं तशी. मग गल्ल्यामागे बसून फ्रेमांच्या काड्यांचे खसखशीएवढे स्क्रू बोटाच्या टोकावर घ्यायचे आणि बसवायचे. त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

एका दुपारी ती म्हणाली, "अहो, ही दाराची चौकट मधेच फुगल्यासारखी दिसतेय."

कुठलाही माणूस विचारील, कधीपासून? एका डोळ्याने की दोन्ही? चष्मेवाल्याने तर विचारलंच पाहिजे. पण भाऊजींचा चेहरा असा उजळला, की जणू इतकी वर्षं ते याच वाक्याची वाट बघत होते. शेजारी काम चालू होतं तिथल्या गवंड्याकडून त्यांनी ओळंबा मागून आणला, चौकटीला लावला आणि ताईला समोर उभं केलं. "बघ. दोरी सरळ, चौकट सरळ. मग फसवतंय कोण? डोळे!" पुढे येईल त्या गिऱ्हाइकाला तो ओळंब्याचा किस्सा.

अहो शहाणे, डोळे फसवताहेत हेच तर ती सांगत होती! चौकट दुरुस्त करा असं कोण म्हणालं होतं?

ताईने तो विषय सोडला. मग तिच्या हातून स्क्रू निसटायला लागले. "लक्ष कुठे असतं तुझं?" असं भाऊजी गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, आणि ती खाली वाकून फरशीवर हाताने चाचपत राहायची.

मी गेले तेव्हा तिने मला चहा ओतला, तो कपाच्या शेजारी. टेबलावर. मी फडकं घेऊन पुसला आणि तिच्याकडे बघितलं, तर ती कोंबडीसारखी मान तिरकी करून माझ्याकडे बघत होती.

"ताई, अशी काय बघतेस?"

"समोर बघितलं की तुझ्या तोंडाच्या जागी डाग येतो गं. कडेने बघितलं की दिसतेस."

"भाऊजींना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, डाग आहे की डाग आहे असं तुला वाटतं?"

"मग?"

"मग काय, मला काही सांगता येईना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच जिना उतरून खाली गेले. भाऊजी शांत. शंका घेणारा माणूस किती शांत असतो म्हणून सांगू! "तपासलंय मी तिला," ते म्हणाले. "एकेक डोळा झाकून. शेवटची ओळसुद्धा वाचली. तुला बघायचंय?" आणि ताईला खाली बोलावून खुर्चीत बसवलं, डावा डोळा झाकला. ताईने वरपासून खालपर्यंत घडाघडा तक्ता वाचला. एक अक्षर चुकलं नाही. भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं, की मला तिथेच त्यांच्या डोक्यात ओळंबा घालावासा वाटला.

पण सांडलेला चहा मी माझ्या हाताने पुसला होता. दुसऱ्या दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. माझी फजिती बघायला भाऊजीही आले.

तिथे तक्ता नव्हता, पडदा होता आणि त्यावर बटण दाबलं की वेगवेगळी अक्षरं यायची. बाईंनी ताईचा डावा डोळा झाकला. "वाचा."

ताई खुर्चीत पुढे सरकली. मग हळूच म्हणाली, "तिथे काही लिहिलंय का?"

"अगं!" भाऊजी उठून उभेच राहिले. "काल तर शेवटची ओळ वाचलीस!"

"तो आपला तक्ता. तो पाठ आहे मला. रोज पुसते ना."

"मग सांगायचं नाही का तसं?"

"तुम्ही वाच म्हणालात, मी म्हणून दाखवला. मला दिसतंय का, हे तुम्ही तक्त्याला विचारत होतात. मला कुठे विचारलंत?"

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की डोळ्याच्या पडद्यामागे पाणी झिरपतंय. उजव्या डोळ्याचं मधलं दिसणं गेलं, ते परत यायचं नाही. डाव्यातही सुरुवात झालीय, तो इंजेक्शनांनी वाचवू. "सरळ रेषा वाकड्या दिसायला लागल्या तेव्हाच यायचं होतं," त्या म्हणाल्या. "उजवाही बराच वाचला असता. घरात कोणाला सांगितलं नाहीत का?" ताई पदराशी चाळा करत बसली. भाऊजींनी, जन्मात पहिल्यांदा, प्रश्न विचारला नाही.

मला सांगा, या माणसाने कशावर शंका घेतली नव्हती? गिऱ्हाइकांच्या डोळ्यांवर घेतली, त्यांच्या डोकेदुखीवर घेतली, बायकोच्या शब्दावर घेतली. स्वतःच्या भिंतीवरच्या त्या पेटीवर मात्र कधी नाही. तो जुना विचारवंत स्वतःच्या डोक्यापासून सुरू झाला होता, दुसऱ्याच्या नाही. आणि घर पाडून नवं बांधायचं तर तोवर राहायला एखादी खोली लागते, एवढं व्यवहाराचं भानही त्याला होतं. पुस्तकात आहे, मी वाचलंय. आमच्या भाऊजींनी स्वतःच्या घराची वीटही हलवली नाही. लोकांच्या घरांवर घण घालत बसले आणि त्याला तत्त्वज्ञान म्हणाले. थू!

माफी मागितली म्हणता? छे. त्यांनी दुकानात नवीन तक्ता लावला. जुना माळ्यावर टाकला, जसा काही सगळा गुन्हा त्या बापड्याचाच.

ताईची इंजेक्शनं सुरू झाली, डावा डोळा टिकून आहे. एका संध्याकाळी मी वर गेले तर ती खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. भाऊजी खुर्ची ओढून अगदी तिच्या पुढ्यात, गुडघ्याला गुडघा लावून बसले. तिचा चांगला डोळा त्यांनी तळहाताने झाकला. आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता.

"सांग बघू. मी दिसतो का?"

ताईने या वेळी मान तिरकी केली नाही. समोर, जिथे त्यांचा चेहरा असायला हवा, तिथे ती बराच वेळ बघत राहिली.

"मधे नुसता डाग आहे," ती म्हणाली.

"अगं, मी इथे बसलोय! तुझ्या समोर!"

"असाल. कोणीतरी विचारतंय, एवढं नक्की."

आणि डोळ्यावरचा त्यांचा हात बाजूला करून तिने पुढची शेंग उचलली.